पंप वाटून हवा मिळत नाही

गेल्या थंडीत गोवंडीतल्या एका जमातीने वाफेची मशीने वाटण्याचा कार्यक्रम ठेवला होता. मंडप होता, लाऊडस्पीकर होता, मागे बॅनर होते आणि बॅनरवर देणगीदारांचे फोटो मशीनच्या फोटोपेक्षा मोठे होते. त्या भागातल्या महापालिकेच्या उर्दू शाळेत मी बरीच वर्षे मराठी शिकवले, म्हणून मलाही खुर्ची मिळाली. दम्याचे पेशंट ओळीत बसले होते. त्यांत म्हातारे थोडे आणि लेकरे जास्त. एका बाईच्या मांडीवर चार-पाच वर्षांचा मुलगा होता. त्याच्या बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत खेचली जात होती. मशीन हातात दिल्यावर कुणीतरी तिच्यापुढे माइक धरला आणि दोन शब्द बोलायला सांगितले. ती म्हणाली, "मशीन तो अच्छी है हाजीसाब, मगर धुआँ बंद करवा दो ना. फिर मशीन वापस ले लेना."

टाळ्या वाजल्या नाहीत. हाजीसाहेब म्हणाले, "बेटी, अल्लाह शिफा देगा." पुढचे नाव पुकारले गेले.

हाजीसाहेबांच्या नियतीवर मला शंका नाही. त्यांनी खिशातून पैसे घातले होते, आणि त्या मुलाला त्या रात्री मशीनचा उपयोग झाला असेल. पण त्या बाईने जे मागितले ते आम्ही मंडपात बसलेल्या एकाही माणसाने ऐकून घेतले नाही. ती खैरात मागत नव्हती. आम्ही मात्र तिला खैरातच देत होतो, आणि तिने शुक्रिया म्हणावे अशी आमची अपेक्षा होती. माझे भांडण या सवयीशी आहे, आणि ते सरकारशी जितके आहे तितकेच आपल्याशी आहे.

आधी जागेविषयी बोलू. कारण गोवंडीची गोष्ट निघाली की पहिले वाक्य ठरलेले असते: "तिथे राहायला कुणी सांगितले होते?" सांगितले होते. सरकारनेच सांगितले होते. कुर्ल्याहून चेंबूरकडे जाणारी रेल्वे १९०६ साली मुळात शहराचा कचरा वाहायला टाकली गेली. माणसांची गाडी त्या रुळांवरून १९२४ मध्ये सुरू झाली. म्हणजे या भागात माणसाच्या आधी कचरा आला. देवनारचे डम्पिंग १९२७ पासूनचे. त्याचा पसारा सव्वाशे हेक्टरांहून अधिक आणि ढीग कित्येक मजली उंच. १९७१ मध्ये शहराचा कत्तलखाना देवनारला आला आणि त्याच्यामागे खाटीक, चामडेवाले, हमाल आले. त्याच सुमारास महापालिकेने शहराच्या इतर भागांतून उठवलेल्या झोपड्यांसाठी शिवाजीनगरचे प्लॉट आखून दिले. १९७६ च्या मे महिन्यात, आणीबाणीत, अणुसंशोधन केंद्राला जागा हवी म्हणून जनता कॉलनी पाडली गेली आणि हजारो कुटुंबांना ट्रकमधून चिता कॅम्पला आणून सोडले. पुढे रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पांत घरे गेलेल्यांना लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा इमारतींत कोंबले. ज्याला शहर 'अतिक्रमण' म्हणते त्याचा बराच भाग शहरानेच हाताला धरून आणून बसवलेला आहे, आणि बसवला तो कचऱ्याच्या पायथ्याशी. एकीकडे डम्पिंग, दुसरीकडे माहुल-ट्रॉम्बेच्या रिफायनऱ्या, रासायनिक कारखाने आणि तेलाच्या टाक्या, मध्ये रुग्णालयांचा कचरा जाळणारी भट्टी, आणि अलीकडच्या वर्षांत रेडीमिक्स काँक्रीटचे प्लांट. २०११ च्या जनगणनेत एम-पूर्व विभागाची लोकसंख्या आठ लाखांच्या घरात होती. एवढी माणसे या सगळ्याच्या मधोमध श्वास घेतात.

२००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात मुंबईच्या सर्व विभागांत या विभागाचा नंबर शेवटचा होता. तिथे मृत्यूचे सरासरी वय एकोणचाळीसच्या आसपास निघाले. हा आकडा पुढे भाषणांतून फार फिरला आणि 'गोवंडीचा माणूस चाळिशी गाठत नाही' असा त्याचा अर्थ लावला गेला. तो अर्थ बरोबर नाही. पहिल्या वर्षातच दगावलेली बाळे सरासरी खाली ओढतात. ज्याला वाटेल त्याने हा खुलासा दिलासा म्हणून घ्यावा.

आता धुराविषयी. धूर सगळ्यांना दिसतो, पण छातीचे खरे नुकसान करतो तो दिसत नाही. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढे, नाकातले केस आणि घशातला कफ चुकवून थेट फुफ्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोचतात. तिथून रक्तात जातात. म्हणून अशा हवेत दम्याबरोबर हृदयाचे झटकेही वाढतात आणि आईच्या पोटातल्या बाळाचे वजन घटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांची वर्षाची सरासरी मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठरवली. आपल्या सरकारची मर्यादा २००९ पासून ४० आहे. म्हणजे जिथे जग धोक्याची घंटा वाजवते तिथून आठ पट पुढे गेल्यावर आपली घंटा वाजते, आणि गोवंडीत तीही कुणी ऐकत नाही.

रुग्णालयाचा कचरा जाळायला नियम आहेत आणि कागदावर ते चांगले आहेत. २०१६ च्या नियमांप्रमाणे पहिल्या कक्षात किमान ८०० अंश, दुसऱ्यात १०५० च्या आसपास तापमान हवे, वायू तिथे किमान दोन सेकंद थांबला पाहिजे, आणि धुराडे किमान ३० मीटर उंच हवे. का? कारण कचऱ्यात क्लोरीनवाले प्लॅस्टिक आले आणि भट्टी थंड पडली, तर डायॉक्सिनसारखी विषे तयार होतात. ती शरीरातल्या चरबीत वर्षानुवर्षे मुक्काम करतात. आता हे सांगा, रात्री दोन वाजता भट्टीचे तापमान आठशेवरून सहाशेवर आले तर ते रफीनगरच्या बाईला कसे कळणार? तिला एवढेच कळते की आज वास वेगळा आहे आणि पोरगा उठून बसला आहे. तिच्या नाकाला पुरावा मानायला कुणी तयार नाही. मंडळाचा माणूस येतो तो दिवसा, आणि बहुतेक वेळा सांगून.

२०१६ च्या जानेवारीच्या शेवटी देवनारचे डम्पिंग पेटले. धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला. सत्तराहून अधिक पालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या, त्यांत आमचीही होती. शाळा उघडली तेव्हा माझ्या वर्गात निम्मी बाके रिकामी होती. जी मुले आली होती त्यांना मी धडा वाचायला उभे केले तर दोन ओळींत खोकला. मार्चमध्ये पुन्हा आग लागली. मग भंगारवाल्यांना अटक झाली. तारेतून तांबे काढायला त्यांनी रबर जाळले, असे सांगितले गेले. तसे कुणी जाळलेही असेल. पण नव्वद वर्षांचा कुजलेला कचरा आतून मिथेन सोडतो, वरून आग विझली तरी थराखाली धुमसत राहते. काडी लावणाऱ्याला पकडा, जरूर पकडा. पण दारूगोळा कुणी रचला? त्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाने मुंबईत नव्या बांधकामांना परवानगी देण्यावर बंदी घातली, कारण शहर आपल्या कचऱ्याची सोय लावत नव्हते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी अटी घालून शिथिल केली. न्यायालयाला जे समजले ते आमच्या शेजारच्या सोसायटीतल्या सुशिक्षितांना आजही समजत नाही. त्यांच्या लेखी गोवंडी म्हणजे धूर करणारी माणसे.

दुसरे ठरलेले उत्तर बिडीचे. दवाखान्यात छाती दुखते म्हटले की पहिला प्रश्न "बिडी ओढता का?" प्रश्न बरोबर आहे, विचारायलाच हवा. बिडीने फुफ्फुस जळते, आणि आपल्या मोहल्ल्यांत बिडी आणि गुटखा दोन्ही बोकाळले आहेत हे मी नाकारत नाही. पण चार वर्षांचे मूल बिडी ओढत नाही. आणि माहुलचे काय? तिथे केईएम रुग्णालयाच्या लोकांनी २०१३ मध्ये पाहणी केली, तेव्हा ६७ टक्के रहिवाशांना महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत होती. हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये तिथली हवा माणसांसाठी घातक असल्याचे मान्य केले. तरीही महापालिका पाइपलाइनवरच्या झोपड्या पाडून माणसे तिथेच पाठवत राहिली. माहुलची माणसे बिडी सोडून दुसऱ्या गावी राहायला गेली असती तर धाप थांबली असती की नाही, हे डॉक्टरांना विचारून पाहा.

बिडीचे उत्तर एका बाबतीत मात्र फार सोयीचे असते. ते दिले की पेशंट गुन्हेगार होतो आणि चिमणी निर्दोष सुटते.

माहुलचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. तिथे पाठवलेली आणि तिथे जायला नकार दिलेली कुटुंबे २०१८ मध्ये विद्याविहारच्या रस्त्यावर बसली. बायका पुढे होत्या. हिंदू, मुसलमान, बौद्ध सगळ्या. एक वर्षाहून अधिक काळ त्या उठल्या नाहीत. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले की कुणालाही माहुलला राहायची सक्ती करता येणार नाही; दुसरे घर देता येत नसेल तर महिना १५ हजार रुपये भाडे आणि ४५ हजार अनामत द्या. २०२० मध्ये न्यायाधिकरणाने तेल कंपन्या आणि साठवणूक कंपन्यांवर मिळून २८६ कोटींची भरपाई बसवली. या बायकांच्या हाती देणगीदाराचा बॅनर नव्हता. फाइल होती, आणि फाइलमध्ये दवाखान्याचे कागद होते.

१९६६ मध्ये हमीद दलवाईंनी सात स्त्रियांचा मोर्चा विधानभवनावर नेला. दलवाईंशी आपल्यातल्या अनेकांचे मतभेद आहेत, माझेही काही आहेत. पण सात बायका निघाल्या आणि एक विषय पन्नास वर्षे गाजला, हे कुणी नाकारू शकत नाही. तलाकवर आपण परिसंवाद घेतले, विशेषांक काढले. २००६ मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला तेव्हा नोकरी, शिक्षण आणि बँककर्जाची टक्केवारी आपण तोंडपाठ केली. १९९० साली सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण आपली ओळख मांडत आलो: आम्ही मराठी आहोत, आम्ही इथलेच आहोत. ते मांडणे गरजेचे होते. पण या सगळ्या लिखाणात खोकणारा मुसलमान किती वेळा आला? दंगलीत मेलेला आला, फाळणीत विभागलेला आला, बुरख्यातली आली. रोज रात्री अडीच वाजता उशीला टेकून उठून बसणारा आला नाही. मी स्वतः दोन कथासंग्रह लिहिले. माझ्या एका पात्राला दमा आहे, आणि तो मी 'वातावरण' म्हणून वापरला. मला त्याची लाज वाटते.

याचे एक कारण आपल्या घरातले आहे आणि ते स्पष्ट लिहिले पाहिजे. आम्हा कोकणी मुसलमानांत गोवंडीचे नाव काढले की चेहरा बदलतो. "तिथे मुलगी द्यायची?" असे विचारले जाते. माझा भाचा म्हणतो, "मामू, तिथं सगळे युपीवाले." दख्खनकडच्या मित्रांकडूनही मी वेगळे ऐकलेले नाही. आपण मराठी मुसलमान, जुने, वतनाचे, गावात घर असलेले. ते उपरे, गर्दी करणारे, आपले नाव खराब करणारे. बाहेरच्यांनी आपल्याविषयी जे म्हटले की आपल्याला राग येतो, तेच शब्द आपण गोवंडीविषयी वापरतो. उमतीची गोष्ट फक्त जुम्याच्या खुत्ब्यात.

आणि ज्यांना वाटते की हा मुंबईचा, उपऱ्यांचा प्रश्न आहे, त्यांनी मालेगाव आणि भिवंडीत एक दिवस काढावा. तिथे कारखाना आणि घर यांच्यात भिंतही नसते. खाली माग, वर माळ्यावर कुटुंब. कापसाची रूंद दिवसभर हवेत तरंगते, भुवयांवर बसते. सूतगिरणीच्या कामगारांचा छातीचा एक रोग वैद्यकाच्या पुस्तकांत आहे, बिसिनोसिस. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, म्हणून त्याला 'सोमवारचा आजार' म्हणतात. मालेगावात माग शुक्रवारी बंद असतात, तेव्हा तिथे तो शनिवारी व्हायचा. डॉक्टरने पुस्तकाप्रमाणे सोमवारची चौकशी केली तर रोग सापडणारच नाही. कायद्याच्या यादीत हा रोग व्यवसायजन्य म्हणून नोंदलेला आहे, त्याला भरपाई आहे. पण बहुतेक माग छोट्या शेडमध्ये, कारखाना म्हणून नोंदच नाही, मग कामगारही कागदावर नाही. कागदावर कामगार नसेल तर त्याचा आजार तरी कुठून असणार? वरून साईझिंगच्या बॉयलरमध्ये लाकडाबरोबर प्लॅस्टिक आणि चिंध्या जाळल्या जातात. त्या बॉयलरचे मालक पुष्कळदा आपलेच आहेत. हाजी आहेत. रमजानमध्ये त्यांच्या दारात जकातीसाठी रांग लागते, आणि रांगेत उभ्या असलेल्यांपैकी कितीतरी जण त्यांच्याच धुराने खोकत असतात. हे लिहिताना मला बरे वाटत नाही. पण जुलूम करणारा नेहमी दुसऱ्या कौमचा असतो, हा आपला गैरसमज आपल्या उपयोगाचा नाही.

आता तिसरे उत्तर, जे आपल्या मिंबरवरून येते: सब्र करा, बीमारी अल्लाहकडून येते. बीमारी अल्लाहकडून येते यावर माझे ईमान आहे. धूर मात्र चिमणीतून येतो. आपल्या फिकहमध्ये या दोन गोष्टींची गल्लत कधीच नव्हती. कुणी कुणाला इजा पोचवू नये, हा हदीसवर उभा असलेला पायाचा उसूल आहे. मालिकी फकीहांनी शेजाऱ्याच्या घरात धूर जाईल असा हमाम किंवा भट्टी बांधायला मना केले होते. बाराव्या शतकात शामच्या शैझरीने मुहतसिबासाठी, म्हणजे बाजारावर नजर ठेवणाऱ्या अधिकाऱ्यासाठी, नियमांचे पुस्तक लिहिले. त्यात भटारखान्याचे छत उंच आणि धूर जायची वाट रुंद असावी, असे बजावले आहे. एकोणिसाव्या शतकात उस्मानी सल्तनतीने दिवाणी कायदा मजल्ला म्हणून एकत्र केला. त्यातही घराला लागून असलेल्या भट्टीचा धूर राहणाऱ्याला असह्य होत असेल तर ती इजा दूर केली पाहिजे, असे आहे. आठशे वर्षांपूर्वीचा मुहतसिब भटारखान्याच्या छताकडे मान वर करून बघत होता. आपले मौलाना लाऊडस्पीकरच्या डेसिबलवर पत्रकार परिषद घेतात, आणि मशिदीच्या मिनारापेक्षा उंच चिमणीबद्दल एक शब्द काढत नाहीत. हुकूकुल्लाहची एवढी काळजी आणि हुकूकुल इबादचा पत्ता नाही. बंद्यांचे हक्क बंद्यांनीच माफ केले तर माफ होतात, असे आपणच मदरशात शिकलो ना? मग त्या चार वर्षांच्या मुलाने कुणाला माफ करायचे, हे आधी ठरवा.

आणि ज्यांना फिकहपेक्षा संविधान जवळचे वाटते त्यांच्यासाठी: १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ हवा आणि पाणी हा कलम २१ च्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. दोन्ही पुस्तके एकच सांगतात. आपण दोन्ही कपाटात ठेवली आहेत.

गोवंडीतले लोक अगदीच गप्प बसलेले नाहीत, हेही नोंदले पाहिजे. तिथल्या रहिवाशांची एक संस्था २०२२ मध्ये रुग्णालयाच्या कचऱ्याच्या भट्टीविरुद्ध उच्च न्यायालयात गेली. २०२३ मध्ये न्यायालयाने ती भट्टी दोन वर्षांत हलवायला सांगितले. त्या पोरांच्या मागे आपल्यापैकी किती उभे राहिले? वकिलाच्या फीसाठी किती मशिदींनी पेटी फिरवली? त्याच काळात देवनारला दफनाला जागा उरली नाही म्हणून दुसरी याचिका चालू होती. कब्रस्तानसाठी सगळे पक्ष, सगळे मसलक एक झाले. सुन्नी, तब्लिगी, अहले हदीस, सगळ्यांची सही एका कागदावर मी पाहिली. मला आनंद झाला. मग वाटले, मेल्यानंतरच्या सहा फुटांवर आपली एवढी एकजूट होते, मग जिवंतपणीच्या श्वासावर का होत नाही?

त्या भट्टीच्या निकालाचाही मला पुरता आनंद झाला नाही, तेही सांगतो. हलवायची कुठे, तर रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात जांभिवलीला, असे न्यायालयात सांगितले गेले. म्हणजे गोवंडीच्या नाकाखालून काढून रायगडच्या खेड्याच्या नाकाखाली. तिथल्या शेतकऱ्याने आणि कातकऱ्याने आपले काय वाकडे केले? आपण 'आमच्याकडे नको' एवढेच म्हणत राहिलो तर उद्या ते लोकही हेच म्हणतील, आणि धूर शेवटी ज्याचा आवाज सर्वांत बारीक त्याच्याकडे जाईल. गोवंडीकडेही तो असाच आला होता. भट्टी कुठेही असो, तिच्या तापमानाचा आणि धुराचा आकडा गावाच्या चौकात फलकावर दिसला पाहिजे, रात्रंदिवस. मागणी ती हवी. दवाखाने कचरा कमी करतील, क्लोरीनवाले प्लॅस्टिक वगळतील, हीसुद्धा मागणीच आहे. पण ती मंडपात बोलायला जरा कठीण जाते.

२०२४ मध्ये सरकारने आणखी एक निर्णय घेतला. देवनार डम्पिंगची सुमारे १२४ एकर जमीन धारावी प्रकल्पासाठी द्यायची. धारावीत जे 'अपात्र' ठरतील त्यांची घरे तिथे होणार. पुढच्या वर्षी महापालिकेने १८५ लाख टन जुना कचरा उपसण्यासाठी दोन हजार कोटींहून मोठे टेंडर काढले. शंभर वर्षांचा कचरा उकरताना जी धूळ आणि जो वायू उठतो, तो कुठे जातो? पायथ्याच्या रफीनगरमध्ये आणि बैंगनवाडीत. आणि उपसून मोकळ्या झालेल्या जमिनीवर कुणाला आणून बसवणार? धारावीच्या गरिबांना, ज्यांत आपलेही पुष्कळ आहेत, कुंभार आहेत, चर्मकार आहेत, तमिळ आहेत. १९७६ च्या ट्रकांची मला आठवण होते. लल्लूभाई आणि नटवर पारेखमध्ये इमारतींत तीन मीटरचे अंतर ठेवले, खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉक्टरांच्या पाहणीत तिथे जवळपास दहात एकाला टीबी निघाला. मोकळ्या बांधणीच्या शेजारच्या कॉलनीत तो शंभरात एक होता. एवढा धडा समोर असताना पुन्हा तेच होणार असेल तर त्याला चूक म्हणायला मी तयार नाही.

मग करायचे काय, असे हाजीसाहेबांनी मला विचारले. त्या कार्यक्रमानंतर मी त्यांच्या घरी गेलो होतो, थोडा रागातच. चहा झाला. मी म्हणालो, वाटप बंद करू नका. पण आधी पंपाविषयी गैरसमज घालवा. "पंपाची सवय लागते" म्हणून आया मुलाला पंप देत नाहीत आणि गल्लीतल्या डॉक्टरकडून स्टेरॉइडची सुई टोचून आणतात. पंपातून औषध थेंबभर आणि थेट छातीत जाते, सुईतून सगळ्या अंगात. लहान मुलाला पंपाबरोबर नळकांडे लागते, नाहीतर औषध जिभेवरच राहते. पंप देताना ते नळकांडे कुणी देत नाही, कारण त्याचा फोटो चांगला येत नाही. हाजीसाहेब हसले.

मग मी खरी गोष्ट काढली. म्हणालो, मशिदीत एक वही ठेवा. आपल्याकडे कब्रस्तानच्या रजिस्टरमध्ये मय्यतीची नोंद होते आणि कारण लिहिले जाते 'हार्ट फेल', 'दमा', 'टीबी'. हवा कधीच लिहिली जात नाही. न्यायालयात उभे राहायचे तर हवा लिहावी लागेल. कुणाला, कुठल्या गल्लीत, कुठल्या तारखेला, किती वाजता धाप लागली. त्या वेळी वास कसला होता. दवाखान्यात नेले का. कागद आहे का. आणि भिंतीवर हवा मोजणारे एक यंत्र, म्हणजे वहीतली तारीख आणि यंत्राचा आकडा शेजारी शेजारी ठेवता येईल. त्याला वुजूखान्याच्या संगमरवरापेक्षा कितीतरी कमी खर्च येतो.

हाजीसाहेब बराच वेळ बोलले नाहीत. संगमरवराची ऑर्डर गेली होती. शेवटी म्हणाले, "मास्टर, यंत्राचं ट्रस्टींसमोर ठेवतो. वही मात्र उद्यापासून ठेवा." चपलांच्या फळीशेजारचे कपाट त्यांनी मोकळे करून दिले. बायका मशिदीत येत नाहीत म्हणून दुसरी वही समोरच्या शिवणक्लासमध्ये ठेवली, आणि तीच आधी भरली. यंत्राचा ठराव ट्रस्टींच्या दोन बैठकांत पुढे ढकलला गेला आहे. तिसरी बैठक ईदनंतर आहे. वही घेऊन मी जाणार आहे.